पितळेच्या जोडाची दुपार

रविवार, रात्री

आजची सगळी दुपार आप्पांच्या दुकानात गेली आणि सार्थकी लागली. माझ्या सायकलच्या मागच्या ब्रेकची खुंटी बसली.

ही खुंटी म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या नळीवर डकवलेला बोटाच्या पेराएवढा लोखंडी तुकडा. व्ही-ब्रेकचा आर्म, म्हणजे ब्रेकचं रबर धरणारी दांडी, तिच्यावरच फिरतो. माझी बुडापासून सुटली होती. तुटलेली बाजू उन्हात धरली तर अर्ध्याहून जास्त तपकिरी, गंजलेली, आणि उरलेली कड पांढरी चकचकीत. म्हणजे चीर जुनीच. तिच्यात पाणी मुरत राहिलं आणि उरलासुरला आधार आता सुटला. ब्रेक आवळला की रबरं रिमला दाबतात आणि तेवढ्याच हट्टानं रिम त्यांना बाहेर रेटते. तो सगळा रेटा या खुंट्यांवर येतो. कन्नड घाट उतरताना तो किती वेळ टिकून असतो, हे चाळीसगावच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

एका दुकानात सल्ला मिळाला होता की फ्रेमच बदला. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. पोलादाची फ्रेम आहे, नळ्या सरळ आहेत, एका खुंटीपायी ती भंगारात घालायची? ॲल्युमिनियमची असती तर गोष्ट वेगळी. ते ६६० अंशांनाच वितळतं, आणि तापवलं की जोडाशेजारची त्याची मूळ ताकदही कमी होते.

आप्पांचं दुकान शेतीच्या अवजारांचं. मृगाच्या तोंडावर तिथे वखराच्या पासा आणि कोळपी घेऊन माणसं ताटकळत असतात. त्यांनी नळीवर नख वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, आठे आर्क मारी तं नळीले भोक पडी जाई. पितळच बरं शे." खरंच आहे. आर्क म्हणजे विजेचं वेल्डिंग, आणि ही नळी जेमतेम एक मिलिमीटर जाडीची. पितळ साधारण ९०० अंशांच्या आसपास वितळतं, पोलादाला जवळजवळ १,५०० लागतात. त्यामुळे नळी न वितळता पितळ फटीत शिरतं. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींचे सांधेही असेच पितळेनं भरलेले असतात, आणि त्यांवरून किती पोती वाहिली गेली आहेत!

नवी खुंटी भंगारातल्या एका फ्रेमवरून कापून आणली होती. तिचं बूड नळीच्या गोलाईला बसेपर्यंत कानशीनं घासायचं काम माझ्याकडे आलं. रंग, गंज, तेल, काही म्हणता काही राहता कामा नये. मला वाटलं झालं, पण आप्पांनी बोट फिरवून परत दिलं. "आजून घस. चकचकीत व्हवू दे, मंग बत्ती पेटाडसू."

दोन खुंट्यांच्या मध्यांतलं अंतर ८० मिलिमीटर लागतं. म्हणून लोखंडी पट्टीला तेवढ्या अंतरावर दोन भोकं पाडून ती चांगल्या आणि नव्या खुंटीवर बोल्टनं आवळली. मग अंतर हलायला जागाच राहिली नाही. दोन्हींची उंची ॲक्सलपासून मोजून पाहिली आणि मगच ग्यास पेटला.

जोडावर लावलेला टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, आधी फुगला, मग काचेसारखा पातळ होऊन पसरला. आप्पा ज्योत एका जागी ठेवत नव्हते, खुंटीच्या जाड बुडावर जास्त आणि नळीवर कमी फिरवत होते. लोखंड लाल झाल्यावर कांडी टेकवली आणि पितळ फटीतून सरसर पलीकडच्या कडेला निघालं. जोड आतपर्यंत भरला की नाही, ते त्या पलीकडच्या कडेवरच कळतं. वर नुसता डोंगर साचला तर तो जोड फसवा. पितळेतल्या जस्ताचा पांढरा धूर छातीला वाईट, म्हणून दोघंही वारा येतो त्या बाजूला उभे होतो.

पाणी मारू दिलं नाही. आपोआप निवू दिलं, मग गरम पाण्यात भिजवून टाकणखाराची काच खरवडली.

उद्या रेड ऑक्साइडचं अस्तर, त्यावर जोडापुरता पांढरा रंग. बाकी फ्रेम काळी असली तरी तिथे पांढराच, कारण पुन्हा चीर पडली तर पांढऱ्यावर ती गंजाची रेघ लगेच दिसते. आधी पाटणादेवीच्या रस्त्यावर थोडे दिवस चालवायची, रोज जोड बघायचा, घाट त्यानंतर.