चार टक्क्यांची गाडी

पुणे-बंगळूर महामार्गावर, सातारा आणि कराडच्या मधल्या पट्ट्यात, पुण्याकडे जाणाऱ्या बाजूला आमचं हॉटेल आहे. मी तिथे शिफ्ट सुपरवायझर. काउंटर, टेबलं, पार्किंग आणि पार्किंगच्या कडेचं इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग मशीन, हे सगळं दुपारी दोनपासून रात्री अकरापर्यंत माझ्याकडे असतं. हॉटेलात टेबलावरून होणारी भांडणं मला नवीन नाहीत. चार्जिंगच्या रांगेतलं भांडण वेगळं असतं. तिथे भांडणारा प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर असतो.

आधी मशीनबद्दल सांगते, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. आमचं मशीन ६० किलोवॅटचं आहे आणि त्याला दोन गन, म्हणजे केबलच्या टोकाला असलेले गाडीत लावायचे प्लग, आहेत. एकच गाडी लावली तर सगळी ताकद तिला मिळते. दोन लावल्या की तीस-तीस वाटून जाते. पंचेचाळीस किलोवॅट-अवरची, म्हणजे पंचेचाळीस युनिटांची, बॅटरी दहा टक्क्यांवरून ऐंशीपर्यंत न्यायला तीसवर तासाच्या थोडं वर लागतं. ऐंशीच्या पुढे गाडी स्वतःच वीज कमी खेचायला लागते, कारण भरत आलेल्या बॅटरीत जोरात वीज ढकलली तर ती तापते आणि तिचं आयुष्य कमी होतं. त्यामुळे शेवटचे वीस टक्के कधीकधी आधीच्या पन्नास टक्क्यांइतका वेळ खातात. त्यात आमच्या मशीनचं असं आहे की एका गाडीने आपल्या तीसातले आठच घेतले, तरी उरलेले बावीस शेजारच्या गाडीला जात नाहीत. म्हणजे नव्वदच्या पुढे गेलेली गाडी लावून ठेवणारा माणूस मागच्यांचा वेळ घेतो, शेजारच्याची वीजही अडवतो, आणि यातलं त्याला काही माहीत नसतं.

तो भाऊबीजेनंतरचा रविवार होता. सुट्टी संपवून सगळं पुणं परत निघालं होतं. महामार्गावर ठरावीक अंतराने दोन्ही बाजूंना चार्जिंगची सोय असावी, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे, आणि आमच्या रस्त्यावर चार्जर बऱ्यापैकी आहेतही. पण दिवाळीच्या परतीच्या दिवशी चार्जर किती आहेत यापेक्षा त्यातले चालू किती आहेत हे महत्त्वाचं असतं. चारच्या सुमारास वॉचमन मामा काउंटरवर आले. ‘‘ताई, बाहेर या. चार्जिंगला वातावरण गरम झालंय.’’

दोन्ही गन लागलेल्या होत्या आणि सहा गाड्या थांबल्या होत्या. पहिल्या गनला एक मोठी पांढरी एसयूव्ही, स्क्रीनवर ८६ टक्के. मालकाचा पत्ता नाही, डॅशबोर्डवर नंबरही नाही. दुसऱ्या गनला हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली टॅक्सी. ड्रायव्हर बाजूलाच उभा, आत म्हातारं जोडपं. थांबलेल्यांत कोण कुणाच्या आधी आलं यावरून वाद चालला होता, कारण रांग अशी नव्हतीच. जिथे जागा मिळेल तिथे गाड्या लावलेल्या. त्यात मशिनीच्या बाजूला अगदी चिकटून एक डिझेल गाडी उभी होती. ती हलवून घेण्यात पाच मिनिटं गेली. त्यावर लिहायला बसले तर वेगळा लेख होईल.

मी ऑर्डर लिहायचं पॅड घेतलं आणि प्रत्येकाकडे जाऊन तीन गोष्टी विचारल्या: किती वाजता आलात, आत्ता किती टक्के आहे, कुठे जायचंय. आल्याच्या वेळेवर वाद होईल असं वाटलं होतं, पण गेटवरच्या कॅमेऱ्याचं नाव काढल्यावर सगळे खरं बोलले. पहिला नंबर एका तरुणाचा, २२ टक्के, पिंपरी. दुसऱ्या नंबरला दोन मुलांना घेऊन निघालेल्या एक ताई, २८ टक्के, कोथरूड. तिसऱ्या नंबरचे साहेब ६१ टक्क्यांवर होते आणि त्यांनाही पुण्यालाच जायचं होतं. चौथे आणि पाचवे तिशीच्या आसपास.

सहावी गाडी सगळ्यात शेवटी, चिंचेखाली होती. जुनी छोट्या बॅटरीची नेक्सॉन, पंचविशीतली मुलगी चालवत होती, शेजारी तिची आई. काचा उघड्या, एसी बंद, आई पदराने वारा घेत होती. ‘‘किती टक्के?’’ विचारल्यावर तिने उत्तर न देता डिस्प्लेकडे बोट केलं. ४ टक्के. कोल्हापूरहून निघताना तिने आमच्या अलीकडच्या एका चार्जिंग स्टेशनचा हिशोब धरला होता. ॲपवर ते चालू दिसत होतं, प्रत्यक्षात बंद निघालं. तिथून एसी न लावता, साठच्या वेगाने ती इथवर आली होती. ‘‘मला पूर्ण नकोय,’’ ती म्हणाली. ‘‘साताऱ्यात मावशी आहे. तिथे घरच्या पंधरा ॲम्पियरच्या सॉकेटवर रात्रभर लावेन. साताऱ्यापुरतं मिळालं तरी पुरे.’’ सातारा आमच्यापासून तीसेक किलोमीटर. चार टक्क्यांत ती गाडी फार तर सात-आठ किलोमीटर गेली असती.

मी आत जाऊन पांढऱ्या एसयूव्हीचा नंबर माइकवरून सांगितला. हॉल भरलेला, पोरांचा गलका, कुणी उठलं नाही. मग वेटरला टेबलाटेबलावर पाठवलं. तेवढ्यात बाहेर मोठ्याने ओरडाआरडा झाला.

पहिल्या नंबरच्या तरुणाने मशीनचं लाल बटण दाबलं होतं.

ते बटण आणीबाणीसाठी असतं. ठिणगी उडाली, धूर आला, केबलमध्ये पाणी शिरलं, कुणाला शॉक बसला, तर एका झटक्यात सगळी वीज तोडायची म्हणून ते इतकं मोठं आणि सहज हाताला येईल असं ठेवलेलं असतं. ते दाबलं की दोन्ही गन बंद पडतात. एसयूव्ही थांबावी म्हणून त्याने दाबलं, आणि तिच्याबरोबर टॅक्सीही थांबली, जिचा यात काही संबंध नव्हता. शिवाय एसयूव्हीची गन सुटलीही नाही. चार्जिंग चालू असताना गाडी गनला आतून खिळीने धरून ठेवते, आणि बऱ्याच गाड्यांत किल्लीने अनलॉक केल्याशिवाय ती खीळ सरकत नाही. तो तरुण दोन्ही हातांनी गन ओढत होता. मी त्याला आधी हात काढायला लावला.

‘‘स्टॉप लिहिलंय ना त्यावर,’’ तो म्हणाला.

‘‘दादा, गाडीत माणसं बसलेली असताना तुम्ही दुसऱ्याच्या गाडीची वीज तोडलीत. विचारायला इथे मी होते, मामा होते.’’ मला राग आला होता आणि मी तो लपवला नाही. एका तासापासून उभा असलेल्या माणसाचा वैताग मला कळतो. तरी त्या बटणाची सवय लोकांना लागली, तर खरंच आग लागेल त्या दिवशी बंद पडलेल्या मशीनकडे कुणी धावत येणार नाही. ‘दाबलं असेल कुणीतरी’ म्हणतील आणि उभे राहतील.

बटण फिरवून वर काढलं. मशीन पुन्हा सुरू होऊन स्क्रीन हिरवी व्हायला काही मिनिटं गेली. तोवर एसयूव्हीचे मालक घाईने आले, हात अजून ओले. माझं बोलणं सुरू व्हायच्या आधी तेच म्हणाले, ‘‘वडिलांना शुगर आहे हो, त्यांना आधी जेवायला घातलं. मला वाटलं, झालं की आपोआप सुटतं आणि पुढचा लावून घेतो.’’ ते खोटं बोलत नव्हते. गाडी घेऊन त्यांना थोडेच दिवस झाले होते आणि शोरूमवाल्यांनी ही गोष्ट सांगितली नव्हती. त्यांनी किल्लीचं बटण दाबलं, आत ‘टक’ असा आवाज झाला, गन सुटली. ती मशीनच्या खोबणीत नीट बसवून, केबल हुकावर गुंडाळून त्यांनी गाडी बाहेर काढली. ही साधी गोष्ट निम्मे लोक करत नाहीत. गन जमिनीवर टाकतात, वरून चाक जातं, पिनांमध्ये माती बसते आणि मग मशीन एरर दाखवतं. ती मुलगी कदाचित अशाच एखाद्या बंद मशीनमुळे अडकली असेल.

त्या गनवर नंबराप्रमाणे पहिला तरुण लागला. त्याच्यावर कितीही राग असला तरी नंबर त्याचा होता.

आता टॅक्सी. ड्रायव्हरचं ५२ टक्क्यांवर तुटलं होतं आणि पुन्हा लावण्याचा हक्क पूर्ण त्याचा होता. तो म्हणाला, ‘‘ताई, सवाऱ्या साताऱ्यात सोडायच्यात, रात्री मुक्काम तिथंच. मला एवढं बास झालं. ही गन त्या चिंचेखालच्या मॅडमना द्या.’’

इथे मी अडले. त्याचा मोठेपणा खरा होता, पण सोडलेली गन कुणाला द्यायची हे सोडणाऱ्याच्या हातात नसतं. ती रांगेतल्या पुढच्या माणसाची असते. मधले चार जण ओलांडून सहाव्या गाडीला गन लावून देण्याचा हक्क मलाही नव्हता. सुपरवायझरने आपल्या मनाने गरजू ठरवायला सुरुवात केली, तर उद्या ओळखीच्या माणसाला आधी, साहेबाला आधी, असं सुरू होतं. हॉटेलातल्या टेबलांचं हेच होताना मी पाहिलं आहे. मी एवढंच करू शकत होते की जे मला माहीत होतं ते सगळ्यांना माहीत करून द्यावं. म्हणून पॅडवरची यादी मोठ्याने वाचली. नंबर, टक्के, कुठे जायचंय. शेवटी, ‘‘सहावा नंबर, चार टक्के, साताऱ्यापर्यंत. त्यांना पुढच्या चार्जरपर्यंतही पोचता येणार नाही.’’

क्षणभर कुणी बोललं नाही. मग कोथरूडच्या ताई म्हणाल्या, ‘‘माझी पोरं अजून जेवायचीच आहेत. तोवर तिचं होऊ दे. माझा दुसरा नंबर तिला, तिच्यानंतर मी.’’

चौथ्या नंबरचे काका तयार नव्हते. ‘‘मॅडम, अशाने चार टक्के घेऊन येणारा नेहमी पुढे जाणार आणि आम्ही हिशोबाने गाडी चालवणारे मागे.’’ हा मुद्दा मला आजही खोडता येत नाही. बेफिकिरीला बक्षीस मिळू लागलं तर रांगेला अर्थ उरणार नाही. मी त्यांना बंद निघालेल्या स्टेशनचं सांगितलं. ते चिंचेखालच्या गाडीपर्यंत चालत गेले, आईशी दोन शब्द बोलले आणि परत येऊन म्हणाले, ‘‘वीस मिनिटं. घड्याळ लावा.’’ घड्याळ लावलं. पाचव्या नंबरने मान हलवली.

तिसऱ्या नंबरचे ६१ टक्केवाले साहेब तोवर गप्प होते. त्यांची भीती खंबाटकी घाटाची होती. बोगद्याकडे चढताना टक्के भराभर उतरतात हे त्यांनी ऐकलं होतं आणि रात्री घाटात अडकायचं नव्हतं. टॅक्सीवाला त्यांच्याजवळ गेला. हे मी जन्मभर विसरणार नाही, कारण त्याला थांबायचं काही कारण उरलं नव्हतं. त्याने त्यांच्या डिस्प्लेवर किलोमीटर आणि युनिटांचा हिशोब करून दाखवला: इथून पुणे १४० किलोमीटरच्या आसपास, ऐंशीच्या वेगाने गेलात तर पन्नासच्या आत टक्के लागतील, चढावर जे जातं त्यातलं थोडं बोगद्यापलीकडे खंडाळ्याच्या उतारावर परत येतं, आणि मनात धाकधूक वाटलीच तर वाटेत शिरवळला, खेड शिवापूरला चार्जर आहेत. साहेबांनी दोनदा विचारून घेतलं, चहा घेतला आणि रांग सोडून निघाले. त्यांच्या मागच्या सगळ्यांचा तास वाचला.

मुलीच्या गाडीला गन मामांनी लावून दिली. केबल जड असते, तिचा हात थरथरत होता. वीस मिनिटांच्या आतच ३१ टक्के झाले. काकांना घड्याळ बघायची वेळ आली नाही. तिने स्वतःच एकोणिसाव्या मिनिटाला ॲपवरून थांबवलं, चौघांना हात जोडले आणि गाडी काढली. साडेसहाला तिचा फोन आला, मावशीकडे पोचल्याचा.

संध्याकाळी तो तरुण काउंटरवर आला. चार्जिंग तुटल्यामुळे टॅक्सीवाल्याचं काही नुकसान झालं असेल तर द्यायचं म्हणाला. टॅक्सीवाला गेलेला होता. ‘‘मग नाश्त्याचे पैसे माझ्याकडून घ्या, पुढच्या वेळी ते आले की,’’ म्हणून त्याने पैसे ठेवले. मी ते पाकिटात घालून गल्ल्यात ठेवले आहेत, वर टॅक्सीचा नंबर लिहून.

दुसऱ्या दिवशी मालकांशी बोलले. आता मशीनशेजारी पाटी आहे: गाडी लावून आत जाताना डॅशबोर्डवर फोन नंबर ठेवा; रांग असेल तर ऐंशीला काढा; गन खोबणीत ठेवा; लाल बटण फक्त धूर, ठिणगी, शॉक यांसाठी. कागदाच्या चिठ्ठ्या आणि पेन डब्यात ठेवलं आहे. भिंतीवर फळा आहे, त्यावर येणारा स्वतःच वेळ, टक्के आणि गाव लिहितो. टक्के लिहायला काही जण कुरकुरतात, ‘‘आमचं आम्ही बघू’’ म्हणतात. त्यांना मी सांगते की नंबर तुमचाच राहील, फक्त लिहा. लिहिल्यावर माणसं आपसातच बोलायला लागतात, मला मध्ये पडावं लागत नाही.

चार्ज पूर्ण झाल्यावर गाडी न काढणाऱ्याकडून दर मिनिटाला जादा पैसे घ्यावेत, असं मी सुचवलं होतं. मालक अजून तयार नाहीत, गिऱ्हाईक तुटेल म्हणतात. मी मागणी सोडलेली नाही. फक्त पंधरा मिनिटांची सूट आणि आधी एक फोन, एवढं हवंच असंही सांगितलं आहे. आत म्हाताऱ्या वडिलांना जेवू घालणारा माणूस असू शकतो. दुसऱ्या मशीनसाठी वाढीव लोडचा अर्ज केला आहे. तो मंजूर होईपर्यंत सणाच्या दिवशी मामांची ड्यूटी गेटवरून मशीनपाशी हलवली आहे.