लाल रंग आत का सरकत होता

स्क्रीन प्रिंटिंगचा जॉब: काळ्या टी-शर्टवर पांढरा बेस (रंगांखालचा थर), फ्लॅश (तो थर सुकवणारा हीटर), मग लाल आणि पिवळा. काम साधंच होतं. मशीन आठ हेड (छपाईच्या जागा), दहा पॅलेटचं (शर्ट चढवायच्या पाट्यांचं) ऑटोमॅटिक. सकाळी सेटिंग केलं तेव्हा रंगांच्या जुळणीचे क्रॉस मार्क एकावर एक बसले होते, पण तासाभरात लालच्या कडेला पांढरी रेघ डोकावू लागली. ऑपरेटर लालचा माइक्रो, म्हणजे स्क्रीन किंचित सरकवणारा नॉब, फिरवायचा, थोडे पीस बरे यायचे आणि पुन्हा बिघडायचं.

चूक कोणत्या जातीची आहे हे कळेपर्यंत नॉबला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आधी दहाही पॅलेटवर नंबर टाकून टेस्टचं पेलॉन (न विणलेलं चाचणीचं कापड) चिकटवलं. फक्त पांढरा आणि लाल, फ्लॅश चालू ठेवून, दोन पूर्ण फेऱ्या छापल्या. मग मापाच्या भिंगाखाली प्रत्येक क्रॉसची आडवी आणि पॅलेट धरणाऱ्या मशीनच्या हाताच्या लांबीतली चूक वेगवेगळी लिहून काढली.

कागदावर दोन वेगळे दोष दिसले. लांबीच्या दिशेने लाल सगळ्याच पॅलेटवर सुमारे 0.2 मिमी मशीनच्या केंद्राकडे सरकलेला. आडवी चूक मात्र फक्त 7 नंबरवर, आणि तीही एका फेरीत डावीकडे, दुसऱ्या फेरीत उजवीकडे. ऑपरेटर या 7 नंबरच्या मागे धावत उरलेले नऊ बिघडवत होता.

पॅलेट कायमचा एका बाजूला वळलेला असेल तर त्याने रंग सुटत नाहीत. सगळे रंग तेवढ्याच फरकाने पडतात, फक्त डिझाइन शर्टावर तिरकं बसतं. रंग सुटतात ते ढिलाईमुळे. पॅलेट फिरवणारं टेबल लॉकमध्ये बसवलं, इमर्जन्सी स्टॉप दाबला, पॅलेटच्या बाहेरच्या टोकाला डायल गेज लावला आणि हाताने आडवं ढकलून पाहिलं. बाकीचे 0.05 मिमीच्या आत हलत होते, 7 नंबर 0.35. लॉकच्या काट्यात बसणारं 7 नंबरच्या मशीन-हाताचं बेअरिंग एका बाजूने झिजून सपाट झालं होतं. ते बदललं, पॅलेटचे बोल्ट आवळले, आणि तिथला प्रश्न संपला.

लांबीतली चूक उष्णतेची होती. इन्फ्रारेड गनने पाहिलं तर पांढऱ्या हेडखाली पॅलेट 45 अंश, फ्लॅशमधून निघाल्यावर 60. ॲल्युमिनियम दर मीटरला, दर अंशाला 0.023 मिमी वाढतं. 560 मिमीचा पॅलेट 15 अंशांनी तापला की 0.19 मिमी लांबतो. पॅलेट आतल्या टोकाला पकडलेला असेल तर ही सगळी वाढ बाहेरच्या टोकाला दिसते, आणि त्यावर चिकटलेला पांढरा बेस सोबत बाहेर जातो. लाल आपल्या जागीच पडत होता. थंड पॅलेटवर, फ्लॅश बंद ठेवून केलेल्या सेटिंगमध्ये हे दिसणं शक्यच नव्हतं.

स्क्रीनची जाळी, म्हणजे मेश, सैल असली तरी लांबीच्या दिशेने अशीच चूक येते, म्हणून टेन्शन मीटर लावून पाहिला. चारही कोपऱ्यांत वाचन सारखं होतं. शिवाय मेशची चूक थंड मशीनवरही येते आणि रंग ओढणाऱ्या स्ट्रोकच्या शेवटाकडे वाढत जाते.

मग फ्लॅशनंतरचं एक हेड थंड होण्यासाठी रिकामं सोडून लाल पुढे नेला. पॅलेट कामाच्या तापमानाला येईपर्यंत मशीन रिकामं फिरवलं आणि त्यानंतरच माइक्रो लावला. नॉब नेहमी थोडा जास्त मागे नेऊन शेवटची हालचाल एकाच दिशेने करावी, म्हणजे आट्यांमधली ढिलाई निघते. स्क्रीनची फ्रेम धरणारे लॉक आलटून पालटून, थोडे थोडे आवळावेत. एक बाजू आधी पूर्ण आवळली की फ्रेम सरकते, त्यामुळे आवळल्यावर पुन्हा एक प्रिंट काढावीच लागते.

शेवटची तपासणी खऱ्या शर्टावर केली. पेलॉन आकसत नाही, पण सुती कापडातला ओलावा फ्लॅशखाली उडतो आणि ते किंचित आकसतं. तेवढ्यासाठी पांढरा बेस कडेने आणखी 0.15 मिमी आत घेऊन स्क्रीन बनवायची नवीन फिल्म काढायला सांगितली.