मशीनवर दुसरंच नाव

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बहुतेक कामं सेल बदलण्याची नाहीतर पट्ट्याची. त्यात एका दुपारी काकूंनी रुमालातून सासऱ्यांचं घड्याळ काढलं. स्टीलचं रिव्हर्सो, लकूल्त्रचं उलटं फिरवता येणारं घड्याळ! मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं ते उघडून सांगितलं होतं, ‘मशीन कंपनीचं नाही, कुणीतरी बदललंय. भंगाराच्या भावात घेतो.’

काकू राहतात पोलो ग्राउंडजवळ आणि या घड्याळाचा जन्मच पोलोपायी झालेला. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या. म्हणून केस, म्हणजे घड्याळाची डबी, चौकटीत सरकवून उलटी करायची, काच आत आणि स्टीलची पाठ बाहेर, अशी रचना रेने-आल्फ्रेद शोव्होनं केली. पेटंटचा अर्ज ४ मार्च १९३१ चा, पॅरिसमधला.

मी झाकण काढलं. मशीनवर नाव ताव्हान, म्हणजे मशीन बनवणारी दुसरीच स्विस कंपनी. हे घड्याळ बनवणाऱ्या लकूल्त्रचा कारखाना १८३३ पासूनचा, पण या चौकोनी केसमध्ये बसेल असं मशीन त्यांच्याकडे तेव्हा तयार नव्हतं. सुरुवातीच्या रिव्हर्सोंना ताव्हानचंच मशीन लागलं. स्वतःचं आलं १९३३ मध्ये. म्हणजे व्यापाऱ्यानं जो दोष दाखवला, तोच अस्सलपणाचा पुरावा! तरी नुसत्या नावावर मी विसंबत नाही. डायलचे पाय मशीनच्या मूळ भोकांत नीट बसले होते, नवं भोक पाडलेलं नव्हतं, केसच्या आत कुठेही कानस फिरलेली नव्हती. मशीन बदललं की जागा करून घ्यावीच लागते आणि ती लूपखाली, म्हणजे भिंगाखाली, लपत नाही. तेल मात्र वाळून डिंक झालेलं. सगळं खोलून धुतलं, सरकपट्टीतला मळ लाकडी काडीनं काढला, तेव्हा केस पुन्हा ‘टक्’ करून बसायला लागली.

काकूंच्या मुलाला पॉलिश आणि नवं डायल हवं होतं. मी साफ नकार दिला. डायलच्या वर-खाली केसवर आडव्या रेघा असतात. बफ, म्हणजे पॉलिशचं चाक, लागला की त्यांच्या कडा गेल्या, त्या परत येत नाहीत. चांगली घड्याळं चोरांपेक्षा बफिंगनं जास्त गेली आहेत.

त्या व्यापाऱ्याला ताव्हानचं खरंच माहीत नव्हतं, की माहीत होतं म्हणूनच तो तसं बोलला? माहीत नसेल तर त्यानं जुन्या घड्याळांचे भाव करू नयेत. माहीत असेल तर तो चोर आहे.

काकू म्हणाल्या, “भाऊ, हे सगळं लिहून द्या.” बिलावर लिहिलं: मशीन ताव्हान, मूळचं, बदललेलं नाही. खाली सही, शिक्का.