पहिला बूटजोड
टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये राहायला येऊन चार वर्षे झाली, तरी काउबॉय बूट विकत घेण्याचे धाडस आज प्रथमच केले. साउथ काँग्रेस रस्त्यावरील दुकानात शिरताच उंच, रंगीत टाके घातलेल्या लाल बुटांनी मोह घातला. परंतु मला ते जीन्सवर आणि साध्या सुती कुर्त्यावरही एरवी वापरायचे असल्याने, मी आखूड उंचीचा, तपकिरी चामड्याचा आणि जेमतेम इंचभर उंचीच्या रुंद टाचेचा 'रोपर' जोड निवडला. उंच, तिरकी टाच मुळात रिकिबीतून पाऊल पुढे निसटू नये म्हणून असते. मला तर केवळ भाजी आणायला जायचे आहे!

या बुटांना नाडी नसल्यामुळे सारी भिस्त पावलाच्या वरच्या भागावरील पकडीवर असते. चालताना टाच पाव इंच उचलली गेली, तेव्हा माप मोठे झाले असे समजून मी तो जोड परत ठेवणार होते; पण तळ नवा आणि ताठ असताना एवढे व्हायचेच, तो वाकू लागला की थांबते, असे विक्रेत्या बाईंनी समजावले. बोटे मात्र चेपता कामा नयेत.

घरी आल्यावर बूट काढताना माझी जी त्रेधा उडाली, ती पाहून नवऱ्याने हसू दाबत ते ओढून काढण्याचे लाकडी साधन तातडीने मागवले.