पात्यांविना वारा: घरच्या कॉम्प्युटरसाठी आयनांचा पंखा

ज्या घराच्या खिडकीखालून बेस्टच्या बसगाड्या धावतात आणि ज्याच्या छताचा पंखा वर्षातले बहुतेक महिने फिरत असतो, त्या घरात कॉम्प्युटरच्या फॅनच्या आवाजाची तक्रार करणे हे चैनीचे लक्षण आहे, हे मला मान्य आहे. पण दादरच्या आमच्या वन बीएचकेमध्ये कॉम्प्युटर हॉलमध्ये आहे, हॉलमध्येच आई झोपते आणि माझे ध्वनिमुद्रणाच्या संपादनाचे काम रात्रीच चालते. त्यामुळे फिरणारा एकही भाग नसलेला, आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित अणू-रेणूंच्या, वाऱ्यावर चालणारा पंखा स्वतः बांधून पाहावा, असे बरेच दिवस मनात होते. तो बांधता येतो. फक्त त्याच्याकडून कोणत्या कामाची अपेक्षा ठेवायची, हे आधी ठरवावे लागते.

तत्त्व जुने आहे. विद्युतभारित वस्तूजवळ वाऱ्याची झुळूक जाणवते, हे इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस हॉक्सबीने अठराव्या शतकाच्या आरंभीच नोंदवले होते. एका बाजूला केसासारखी बारीक तार आणि सुमारे सेंटिमीटरभर अंतरावर जाड, गोलसर कडांच्या पट्ट्यांची जाळी, अशी रचना करून त्यांच्यात ६ ते ८ किलोव्होल्टचा विद्युतदाब दिला, की तारेलगतचे विद्युतक्षेत्र इतके तीव्र होते की तिथली हवा आयनित होते. हाच कोरोना विसर्ग होय. तारेच्याच भाराचे आयन जाळीकडे ओढले जातात, वाटेत हवेच्या उदासीन रेणूंवर आदळत त्यांना पुढे ढकलतात, आणि या असंख्य धक्क्यांची बेरीज म्हणजे वारा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी याच बळावर एक छोटे विमान सुमारे ६० मीटर उडवून दाखवले, तेव्हा ही गोष्ट वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचली.

आता थोडा हिशेब. आयनांमुळे हवेवर पडणारे बल म्हणजे विद्युतप्रवाह गुणिले अंतर, भागिले आयनांची गतिशीलता, म्हणजे विद्युतक्षेत्रात ते किती वेगाने सरकतात याचे माप. प्रवाह १०० मायक्रोॲम्पिअर, अंतर १ सेंटिमीटर आणि हवेतील आयनांची नेहमीची गतिशीलता धरली, तर उत्तर येते सुमारे ५ मिलिन्यूटन, म्हणजे अर्ध्या ग्रॅमचे वजन. हे बल दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या तोंडावर पसरले, की हवेचा दाब भरतो अर्धा पास्कल. बाजारातला १२० मिलिमीटरचा साधा फॅन १० ते २० पास्कलपर्यंत दाब देऊ शकतो. आयनांचा पंखा इथेच हरतो, आणि ही हार मान्य न करता केलेली रचना चालत नाही.

मात्र वेगाच्या बाबतीत तो इतका दुबळा नाही. अडथळा नसेल तर त्या अर्ध्या ग्रॅमच्या बलातूनही सेकंदाला सुमारे ६० ते ७० सेंटिमीटर वेगाचा वारा मिळतो, म्हणजे सेकंदाला सहा-साडेसहा लिटर हवा. ६५ वॉटच्या प्रोसेसरची उष्णता हवेचे तापमान १० अंशांनी वाढवून वाहून न्यायची, तर सेकंदाला साडेपाच लिटरच्या आसपास हवा लागते. आकडे जेमतेम जुळतात, पण हवेची वाट मोकळी असेल तरच. एकमेकांना चिकटल्यासारखे पत्रे असलेल्या नेहमीच्या हीटसिंकमधून, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्यामधून, हा वारा आत शिरतच नाही, तो बाजूने निघून जातो. म्हणून मी विनाफॅन कॉम्प्युटरसाठी बनवलेला, रुंद फटींचा उभा हीटसिंक घेतला. त्यात गरम हवा आपसूक वर चढतेच, आणि आयनांचे काम तिला वरच्या तोंडाशी ओढून घेण्यापुरते उरते.

ओढून घेण्यापुरते हा शब्दप्रयोग मी मुद्दाम करतो आहे. आयनांचा पंखा आत हवा फेकणारा लावला, तर जाळीतून निसटलेले काही आयन थेट मदरबोर्डवर जाऊन बसतात आणि तिथे स्थिरविद्युत साचू लागते. बाहेरच्या तोंडावर लावला, की निसटणारे आयन बोर्डाकडे जात नाहीत.

साहित्याचे म्हणाल, तर मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला, बहुतेक सगळे मिळते. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांत बसवायचे छोटे, राळेत गोठवलेले आयनायझर मॉड्यूल तिथे सहज मिळते आणि पहिला मोह तेच घेण्याचा होतो. तो टाळावा, कारण ती मॉड्यूल सहसा ऋण विद्युतदाब देतात, आणि ऋण कोरोनातून धन कोरोनाच्या तुलनेत कितीतरी अधिक, काही मोजमापांनुसार दहापट, ओझोन तयार होतो. डायोड आणि कपॅसिटरांची, पायरीपायरीने विद्युतदाब वाढवणारी शिडी स्वतः जोडून डायोडांची दिशा अशी ठेवावी की तारेवर धन विद्युतदाब येईल. तारेच्या मालिकेत १० मेगाओहमचा रोध हवाच. १०० मायक्रोॲम्पिअर वाहताना त्यात १ किलोव्होल्ट खर्ची पडतो, पण ठिणगी पडली तर ८ किलोव्होल्टलाही प्रवाह ०.८ मिलिॲम्पिअरच्या वर जात नाही. इथे साधा पाव वॉटचा एकच रोध चालणार नाही, कारण तो एवढा दाब सोसत नाही. उच्च दाबासाठीचा रोध घ्यावा किंवा अनेक रोधांची माळ करावी. बंद केल्यावरही शिडीत भार उरतो, म्हणून हात घालण्यापूर्वी तो जमिनीत उतरवावा. विजेच्या कामाची सवय नसलेल्याने या वाटेला जाऊ नये, हे स्पष्टच सांगतो.

जमिनीचा विषय निघालाच आहे, तर जुन्या इमारतींत राहणाऱ्यांनी आधी अर्थिंग तपासून घ्यावे. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसमधल्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या, गाळणी कपॅसिटरांमुळे कॅबिनेटचा पत्राच हाताला झिणझिण्या आणतो, आणि अशा तरंगत्या पत्र्याला उच्च दाबाची परतीची वायर जोडणे हा वेडेपणा आहे.

पंखा पहिल्यांदा सुरू केला तेव्हा वारा दिसावा म्हणून जवळ उदबत्ती धरली. सरळ वर जाणारी धुराची रेघ तारेशी येताच काटकोनात वळली आणि पट्ट्यांच्या फटींतून पलीकडे गेली. दिवा मालवल्यावर तारेभोवती फिकट जांभळी झाक दिसत होती. आवाज मात्र अगदी शून्य नव्हता. विद्युतदाब थोडा जास्त झाला की बारीक सूं ऐकू येते, दाब उतरवला की ती थांबते. दुसऱ्या दिवशी पट्ट्यांच्या कडांवर धुराची तपकिरी रेघ उमटलेली होती. औष्णिक वीजकेंद्रांतली राख पकडणारी यंत्रे याच रीतीने चालतात, तेव्हा यात नवल नाही, पण घरातली सगळी धूळ आपण आता या जाळीवर गोळा करणार आहोत, याची ती पूर्वसूचना होती.

आईची तक्रार वेगळीच होती. ती म्हणाली, "अरे, झेरॉक्सच्या दुकानात बसल्यासारखा वास येतोय." तिचे नाक अचूक होते. अनेक झेरॉक्स यंत्रांतही कोरोनाची तार असते आणि तो वास ओझोनचाच. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी ओझोनची मर्यादा दहा लाख भागांत ०.१ भाग आहे, आणि नाकाला त्याहून कमी प्रमाणातही तो कळतो. खिडक्या लावून एसी चालवायच्या छोट्या खोलीत म्हणूनच प्रवाह कमीत कमी ठेवावा लागतो, आणि बाहेरच्या तोंडाशी मँगनीज डायऑक्साइडचा थर दिलेली रुंद छिद्रांची जाळी बसवावी लागते. ती जाळीही वाऱ्याला अडवते. एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने द्यायचे, असा हा सगळा व्यवहार आहे.

मुंबईत खरी परीक्षा पावसाळ्यात होते. दमट हवेत ॲक्रिलिकच्या चौकटीवर धूळ आणि खाऱ्या ओलाव्याचा पातळ थर बसतो, आणि आयनांऐवजी प्रवाह त्या पृष्ठभागावरूनच सरपटत जाऊ लागतो. तार आणि जाळी यांच्या आधारांमधले पृष्ठभागावरचे अंतर हवेतल्या अंतरापेक्षा बरेच जास्त हवे. त्यासाठी मी टेफ्लॉनचे, खाचा पाडलेले आधार वापरले. तारेवर सिलिकाचे पांढरट तंतूही वाढतात. घरातल्या सिलिकॉनयुक्त प्रसाधनांच्या वाफा कोरोनात विघटित होऊन तिथे बसतात, मग विसर्ग असमान होतो. झेरॉक्स यंत्रांत तार पुसायची सरकती गादी असते, तशीच नमद्याची एक चिमटी मी बसवली आहे.

इतके करून हा पंखा फॅनची जागा घेतो का? माझे मत नाही असे आहे. २००७ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात झालेल्या प्रयोगात आयनांचा वारा नेहमीच्या वाऱ्याच्या जोडीला दिला होता आणि उष्णता वाहून नेण्याचा गुणांक २५० टक्क्यांपर्यंत वाढल्याचे आढळले होते. पृष्ठभागाला चिकटून थांबलेल्या हवेच्या थराला हलवणे, हे आयनांचे खरे बलस्थान आहे. त्यामुळे माझ्या कॅबिनेटमध्ये एक मोठा, मंद फॅन आजही आहे. प्रोसेसर ७० अंशांच्या वर गेला तरच तो फिरतो, आणि जून ते सप्टेंबर या काळात उच्च दाबाचा स्विच मी बंद ठेवून सगळे काम त्याच्याकडेच सोपवतो.