लीपहॉर्न मालिका: दहाव्या पुस्तकापर्यंत

अमेरिकन लेखक टोनी हिलरमनची, नावाहो या तिथल्या मूळनिवासी जमातीच्या पोलिसांची रहस्यकथा-मालिका क्रमाने वाचायला घेतली होती, ती ‘कोयोटी वेट्स’पर्यंत (१९९०) आली. १९७० ते २००६ या काळातल्या १८ पुस्तकांपैकी १० झाली. ऐरोलीच्या घरी भिंतीवर त्या मुलखाचा नकाशा डकवलाय आणि पुस्तकागणिक टाचण्या मारतोय, कारण लेफ्टनंट जो लीपहॉर्नच्या ऑफिसातही असाच टाचण्यांनी भरलेला नकाशा आहे. आईला वाटतं, मी कुठेतरी प्लॉट बघतोय.

पहिल्या ‘द ब्लेसिंग वे’वर फार वेळ घालवत नाही. त्यात नायक एक मानववंशशास्त्राचा प्राध्यापक आहे, लीपहॉर्न बाजूला उभा. हिलरमनच्या एजंटने तर ही सगळी ‘इंडियन’ भानगड काढून टाक असाच सल्ला दिला होता. ऐकला असता तर मालिकाच राहिली नसती.

मला ही पुस्तकं का धरून ठेवतात, याचं उत्तर पाचव्या-सहाव्या पुस्तकात सापडलं: हद्द. नावाहो प्रदेश साधारण ७० हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून थोडा कमी. पोलीस मूठभर. आणि रिझर्व्हेशनवर (जमातीच्या राखीव प्रदेशात) खून झाला की तपास एफबीआयकडे जातो. १८८५च्या कायद्यापासून असे गुन्हे केंद्र सरकारच्या अखत्यारीत आहेत. ठाणे आणि नवी मुंबई अशी दोन आयुक्तालयं शेजारी-शेजारी असलेल्या आपल्या भागात ‘हे आमच्याकडे येत नाही, तिकडे जा’ ही भानगड कुणाला समजावून सांगायला नको. म्हणून मालिकेतल्या पोलिसांच्या वाट्याला किरकोळ कामं येतात. ‘द डार्क विंड’मध्ये (१९८२) मालिकेतला दुसरा नायक, तरुण पोलीस जिम ‘ची’, रात्री दबा धरून बसलाय तो पवनचक्कीची मोडतोड कोण करतंय ते बघायला. तिथेच त्याच्या कानावर विमान कोसळल्याचा आवाज येतो. पुढचं प्रकरण त्याचं नाहीच, त्याने लांब राहायचं असतं; पण त्या जमिनीवरच्या खुणा वाचता येतात त्या त्यालाच.

शहरी रहस्यकथेत पुरावा प्रयोगशाळेतून येतो, इथे तो रीतिरिवाजातून येतो. ‘द घोस्टवे’मध्ये (१९८४) एका मृतदेहाचे सगळे विधी नीट झालेत, फक्त केस धुतलेले नाहीत. एफबीआयच्या माणसाला त्यात काहीच दिसत नाही. जिमला दिसतं, कारण इतकं सगळं करणारा म्हातारा हे विसरणं शक्य नाही. माझ्या मते अख्ख्या मालिकेतला हा सर्वांत सुंदर धागा.

तशीच दुसरी गोष्ट, वाट बघण्याची. कुणाच्या घरी गेलं की दार वाजवायचं नाही. अंगणापासून लांब गाडी थांबवायची आणि आतलं माणूस स्वतःहून बाहेर येईपर्यंत बसून राहायचं. मग आईचं कुळ, बापाचं कुळ सांगायचं, पावसापाण्याचं बोलायचं, त्यानंतर कामाचं. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने ही पानं वाचताना आधी मी उतावळा व्हायचो. आता हीच पानं दोनदा वाचतो. चौकशी तिथेच चाललेली असते, विचारणारा फक्त गप्प असतो.

‘टॉकिंग गॉड’ (१९८९) मात्र मला बेतासबात वाटलं. गोष्ट वॉशिंग्टनला जाते आणि लीपहॉर्न आणि जिम तिथे पाहुण्यासारखे वावरतात. माती सुटली की हिलरमन साधा थ्रिलर लेखक उरतो.

या दोघांना एकत्र आणलं ते सातव्या ‘स्किनवॉकर्स’मध्ये (१९८६). त्यामागचा किस्सा झकास आहे: सही घ्यायला आलेल्या एका वाचक बाईंनी हिलरमनला विचारलं, तुम्ही लीपहॉर्नचं नाव बदलून ‘ची’ का केलंत? बिचाऱ्याच्या जिव्हारी लागलं. मग दोघांना समोरासमोर उभं केलं. लीपहॉर्न जादूटोण्याच्या नुसत्या उल्लेखाने चिडणारा, तर जिम पारंपरिक विधी गाणारा वैदू व्हायला निघालेला. कुणाचं बरोबर, याचा निकाल लेखक लावत नाही.

(पुढच्या दोन ओळी, ज्यांनी वाचलं नाही त्यांनी सोडा.) ‘अ थीफ ऑफ टाइम’मध्ये (१९८८) लीपहॉर्नची बायको एमा गेलेली आहे आणि तो राजीनामा देऊन बसलाय. चाको कॅन्यनच्या प्राचीन मडक्यांची चोरी वगैरे ठीक. मी वाचत होतो ते बायकोच्या पश्चात रिकाम्या घरात वावरणाऱ्या माणसासाठी. हे पुस्तक सुटं वाचलं तर निम्मंच हाती लागतं. म्हणून नव्याने येणाऱ्यांना सांगतो, निदान ‘स्किनवॉकर्स’पासून सलग वाचा.

२००८ मध्ये हिलरमन गेल्यावर त्यांची मुलगी ॲन हिने मालिका पुढे चालवली, मालिकेतल्याच बर्नाडेट मॅन्युएलिटो या महिला पोलिसाला मध्यभागी आणून. ते नंतर बघू. सध्या ‘सेक्रेड क्लाउन्स’ (१९९३) हातात आहे. जिमकडे शाळेतून पळालेला मुलगा शोधायचं काम आलंय. खून अर्थातच दुसऱ्याच्या हद्दीत.