कापाची दिशा चुकली तेव्हा

नागपूर जिल्ह्यातल्या देवलापारच्या बाजूला गोळा केलेल्या शिस्टच्या, म्हणजे पापुद्र्यांच्या खडकाच्या, पहिल्या स्लाइड्स (काचेवर चिकटवलेले पातळ काप) हातात आल्या आणि मी चक्रावलेच. दगडाचे पापुद्रे नखाने सुटत होते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्यांचा मागमूस नाही. नुसते विखुरलेले तपकिरी ठिपके. स्टेज, म्हणजे स्लाइड ठेवायची चकती, फिरवली तरी बायोटाइटचा (काळ्या अभ्रकाचा) रंग फारसा बदलेना.

चूक माझी होती. आमच्या कटिंग रूममधल्या काकांचा हात दख्खनच्या बेसाल्टवर बसलेला. तो लाव्हा थिजून झालेला, बहुतेक वेळा कुठूनही कापला तरी चित्र तेच. शिस्टवर मी खूण करून द्यायला हवी होती. ती नव्हती, म्हणून काकांनी सपाट बाजू धरून पापुद्र्यांना समांतर काप घेतला. पत्त्यांचा कॅट वरून पाहिला तर एकच पत्ता दिसणार!

मी मार्करने रेष मारली. "काका, पापुद्र्यांच्या आरपार कापा."

"मॅडम, सुटेल हो तो."

सुटलाच. मग त्यांनी दुसरा तुकडा इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट रसायनात, भिजवला, हॉटप्लेटवर घट्ट केला, कापला आणि काचेवर कार्बोरंडमच्या पुडीत घासत बसले. मधूनमधून स्लाइड माझ्याकडे यायची. सूक्ष्मदर्शकाच्या ध्रुवित प्रकाशात क्वार्ट्झचा (गारेचा) पिवळा रंग उतरून राखाडी झाला, म्हणजे जाडी 0.03 मिमीवर आली.

संध्याकाळी पाहिलं, तर अभ्रकाच्या पट्ट्या एका दिशेने वाहत आलेल्या, आणि मध्ये त्यांना बाजूला सारून बसलेला गार्नेट या खनिजाचा दाणा. क्रॉस निकॉलमध्ये, म्हणजे दोन ध्रुवक एकमेकांना आडवे ठेवल्यावर, काळाकुट्ट. त्या काळोखात क्वार्ट्झच्या बारीक कणांची एस आकारात वळलेली रांग!

हा खडक मुळात चिखल. गाडला गेला, तापला, एका बाजूने दाबला गेला. अभ्रकाचे पत्रे दाबाला काटकोनात वाढले. तापमान साधारण 500 अंश सेल्सिअसच्या आसपास गेल्यावर गार्नेट वाढू लागला आणि वाढताना शेजारचे कण पोटात घेत गेला. रांग वळली, कारण वाढ चालू असतानाच खडक सरकत होता. गार्नेट स्वतः फिरला की भोवतीचे पापुद्रे फिरले, यावर जाणकारांत अजून वाद आहे. मला पहिलं पटतं.

मी काकांना बोलावलं. ते बराच वेळ डोळा लावून होते.

"हे सगळं दगड न वितळता?"

"न वितळता, काका. घट्ट असतानाच."

"मग बाकीच्या नमुन्यांवरही आत्ताच रेषा मारून द्या," ते म्हणाले, आणि ट्रे माझ्यापुढे सरकवला.